काजूवाला ट्रे

"ही ती नाही गं आई," असं म्हणून माझ्या भावानं अर्धा खाल्लेला तुकडा बशीत परत ठेवला. मला असा संताप आला, वाटलं ती बशी उचलावी आणि याच्या डोक्यावर पालथी घालावी. माणूस सहा वर्षांनी नाताळच्या सुट्टीत कॅनडाहून येतो, पंचाहत्तरी ओलांडलेली आई त्याच्यासाठी सकाळपासून ओट्याशी उभी राहते, आणि हा शहाणा तिला तोंडावर सांगतो, ही ती नाही. गिळावं ना गपचूप! पण तो लहानपणापासून असाच आहे. मनात आलं की ओठांवर.

आणि पंचाईत ही की तो खरं बोलत होता. ती ती नव्हतीच. का नव्हती, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं आणि मी तोंड मिटून उभी होते. चाळीस वर्षं मिटलेलंच होतं म्हणा.

तर ही गोष्ट आमच्या घरच्या कॅरमल ब्राउनीची. आज पनवेलमध्ये गल्लोगल्ली केकची दुकानं आहेत, पण मी चौथीत होते तेव्हा ब्राउनी हा शब्दसुद्धा आमच्या आळीत कुणी ऐकलेला नव्हता. बाबा उरणला गॅसच्या प्लांटवर शिफ्टला जायचे. तिथल्या एका साहेबांच्या बायकोनं कामगारांच्या बायकांसाठी आठ दिवसांचा वर्ग काढला होता, केक-बिस्किटांचा. आई गेली. आई द्रोणागिरीच्या बाजूची, मिठागरवाल्यांची लेक. जिथं तिच्या वडिलांचं मीठ पिकायचं तिथं आता कंटेनरच्या भिंती उभ्या आहेत. शाळा चौथीपर्यंतच, पण हट्ट पदवीधराचा. वर्गात शिकवलेल्या सगळ्यातून तिनं नेमकी कॅरमल ब्राउनी उचलली, कारण त्यात साखर मुद्दाम जाळायची होती. "आमच्यात साखर जळली का शिव्या पडतात, आन हितं जाळायलाच सांगतान," असं म्हणून ती किती दिवस हसत होती.

घरात ओव्हन कुणाकडेच नव्हता. पण मोहल्ल्याच्या तोंडाशी एक बेकरी होती. दिवाळीत, ईदेला आणि नाताळच्या सुट्टीत अर्धं पनवेल तिथं नानकटाई भाजून घ्यायला जायचं. पद्धत ठरलेली. पीठ घरून पातेल्यात कालवून न्यायचं, तिथं बेकरीचा पत्र्याचा ट्रे घ्यायचा, त्यात ते थापायचं किंवा ओतायचं. संध्याकाळी भाजलेला ट्रे घरी आणायचा आणि दुसऱ्या दिवशी धुऊन परत करायचा. ट्रे सगळे एकसारखे. चिठ्ठी लावावी तर भट्टीत जळून जायची. म्हणून भट्टीवाल्यानं सगळ्यांना सांगून ठेवलेलं की ट्रेच्या कोपऱ्यात पिठात आपली खूण खोचा. कुणी लवंग खोचायचं, कुणी हरभऱ्याची डाळ, कुणी शेंगदाणा. नेताना नाव सांगायचं नाही, खूण सांगायची. "लवंगवाला द्या." "आमचा डाळवाला निघाला का?" माझी आई काही डाळीवर भागवणारी नव्हे. तिनं माझ्या मुठीत एक अख्खा काजू ठेवला आणि म्हणाली, "कोपऱ्यात नीट दाबून बसव. वाटंत हरवू नको."

हरवला नाही मी. खाल्ला. त्या वेळी आमच्याकडे काजू दिवाळीच्या शिऱ्यात मोजके चार दिसायचे, आणि इथं तर एक अख्खा माझ्या घामेजल्या मुठीत आलेला. बेकरीपर्यंत पोचेतो तो तोंडात विरघळूनही गेला. मग मी घाबरले. फ्रॉकच्या खिशात खेळायचे चिंचोके होते. त्यातला एक काढला आणि आमच्या ट्रेच्या कोपऱ्यात खोचला. माझा विचार साधा होता, संध्याकाळी ट्रे आणायला मीच येणार, आल्यावर चिंचोकावाला मागेन, वाटेत चिंचोका उपटून फेकून देईन. आई विचारेल तर सांगेन, काजू भट्टीत जळला.

पण त्या दिवशी बाबा पहिल्या पाळीवरून लवकर सुटले आणि येता येता तेच बेकरीत गेले. सकाळी निघतानाच आईनं त्यांना बजावलेलं, जमलं तर आणा, काजूवाला म्हणून सांगा. नानकटायांच्या त्या गर्दीत काळपट रंगाचे दोनच ट्रे होते. एक चिंचोक्याचा, आमचा. आणि दुसऱ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी खरोखरच काजू खोचलेला. बाबांनी काजूवाला मागितला, भट्टीवाल्यानं दिला.

बाबांनी तो ट्रे ओट्यावर ठेवला तेव्हा मला कोपऱ्यातला खरपूस भाजलेला काजू दिसला. तो काजू मी खाल्ला होता! माझ्या पोटात होता! क्षणभर मला काही समजेचना. देवानं परत आणून लावला की काय, असंही येऊन गेलं मनात. आईनं सुरी घातली. वर पापडी, आत ओलसर, आणि मधून कॅरमल ओघळत आलं. बाबांनी उभ्याउभ्याच एक तुकडा तोंडात टाकला.

आता बाबांविषयी सांगायला हवं. वाईट नव्हते, पण जेवणाला बरं म्हणणं त्यांच्या गावीच नव्हतं. मीठ कमी पडलं तर आवाज, बरोबर पडलं तर मुकाट जेवण. आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची आणि ते भिंतीकडे बघत जेवायचे. त्या दिवशी त्यांनी दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला, आणि बोट चाटत आईला म्हणाले, "झकास झालीय."

आई लाजली. मी माझ्या आईला लाजताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पदर तोंडाला लावून ती मोरीत गेली आणि उगाचच एक स्वच्छ तांब्या घासत बसली. आता सांगा, कुठल्या तोंडानं म्हणणार होते मी की बाबा, ही आईची नाही?

दुसऱ्या दिवशी ट्रे परत करायला गेले तर बेकरीत एक बाई उभ्या. मोहल्ल्यातल्याच, उंच, डोक्यावर मळकट गुलाबी ओढणी, काखेत आमचा धुतलेला ट्रे. भट्टीवाल्याला विचारत होत्या, "माझा काजूवाला कुणी नेला?" मला रडूच फुटलं. तिथंच उभी राहून मी सगळं ओकून टाकलं. खाल्लेला काजू, चिंचोका, बाबा, झकास, तांब्या, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गुडघ्यावर बसून माझे डोळे पुसले. म्हणाल्या, "म्हंजे तुझे बाबा पहिल्यांदाच बोलले?" मी मान हलवली. "मग रडतेस कशाला बेटा? आमच्याकडच्यांनी तुमचा पार खलास केला. अल्लाकसम, चुरासुद्धा उरला नाही. तू गप्प राहा, मीपण गप्प राहते."

त्यांना मी चाची म्हणायला लागले. चाचींचे यजमान आखातात एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात होते. कोको, डब्यातलं आटवलेलं दूध, ब्राउनीची कृती, सगळं तिकडून यायचं. पुढच्या डिसेंबरात आईनं पुन्हा पीठ कालवलं तेव्हा मला आधी बाबांचं "झकास" आठवलं. मी पातेलं घेऊन आधी चाचींच्या दारात गेले. त्यांनी काय ते ओळखलं. त्याही त्यांचं पातेलं घेऊन निघाल्या. बेकरीत आम्ही शेजारी शेजारी उभ्या राहिलो. त्यांनी आपल्या ट्रेत काजू खोचला, मी आमच्या ट्रेत चिंचोका. आईनं दिलेला काजू मी येताना खाल्लेलाच होता. तो मी दर वर्षी खाल्ला. खोटं कशाला बोला.

असे सात नाताळ गेले. दर वर्षी काजूवाला ट्रे आमच्या घरी आणि चिंचोकावाला त्यांच्या घरी. दर वर्षी बाबा "झकास" म्हणायचे आणि आई तांब्या घासायला जायची. मामाची पोरं खास तेवढ्यासाठी सुट्टीत यायची. आत्याची ब्राउनी म्हणजे आत्याचीच! आईला एकच गोष्ट कळत नसे. ती पिठात जायफळ घालायची, वर्गात शिकवलेलं नव्हतं, तिची स्वतःची भर. आणि भाजून आल्यावर जायफळाचा वाससुद्धा नसायचा. ट्रेला नाक लावून ती म्हणायची, "भट्टीच्या धगीत उडून जातंय गं. पुढल्या साली जास्ती टाकीन." खरंच टाकायची. दर वर्षी वाढतं माप. एकदा चाची बाजारात भेटल्या आणि डोळे मिचकावून म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, थोडं दमानं. माझी पोरं दिवाबत्तीलाच घोरायला लागतात."

मग बेकरी पाडली. तिथं इमारत उभी राहिली. आईनं एकदोनदा घरी पत्र्याच्या ओव्हनमध्ये केली, सगळ्यांनी खाऊन सांगितलं, भट्टीची सर नाही. आईलाही ते पटलं. तिनं ते करणं सोडून दिलं आणि विषय संपला. भट्टीनं मला वाचवलं असं मी समजत होते. चाची पुढे रस्त्यात दिसल्या की म्हणायच्या, "काजू खाल्लास का गं?" मग दिसेनाशा झाल्या. मीही कधी चौकशी केली नाही. माझाच आळस, दुसरं काय.

आणि यंदा माझ्या भावानं येतानाच इथल्या दुकानातून भलामोठा ओव्हन मागवला. "आई, यात भट्टीसारखी धग येते. आता बहाणा नाही हं! माझ्या पोरांना आजीची ब्राउनी खायचीय." आई इतकी हरखली. माझ्याकडेच राहते ती, अलीकडे पायांमुळे फारशी खाली उतरत नाही, पण त्या दिवशी माझ्याबरोबर बाजारात आली आणि चार दुकानं फिरून जायफळ पारखून घेतलं. मी पिशवी धरून मागे मागे. डोक्यात नुसता भुगा.

केली तिनं. तो म्हणाला, ही ती नाही. तिनं दुसऱ्या दिवशी परत केली, साखर जास्त जाळून. तो म्हणाला, "नाही गं, तिच्यात काहीतरी वेगळंच असायचं." पोरांनी तर एक घास घेऊन जायफळाला नाकं मुरडली. तिसऱ्या दिवशी ती कॅरमल हलवत असताना तिचा हात थरथरला, पळी खाली पडली. तिनं गॅस बंद केला, पळी उचलून मोरीत ठेवली आणि म्हणाली, "माझा हात गेला."

कुणाला वाटेल, त्यात एवढं काय? वय झालं. पण त्या दिवसापासून आईनं स्वयंपाकच सोडला. माझी आई, जी माझ्या घरात येऊन माझ्याच फोडणीला नावं ठेवायची! भाऊ आवडीनं घेऊन आलेला सुका बोंबील तसाच पडून राहिला. मी म्हटलं, आई, तू कर ना कालवण. तर म्हणाली, "तूच कर. मीठ पन तूच टाक. मना आता अंदाज नाय." मिठागरवाल्यांची लेक मला म्हणते, मीठ तू टाक.

हात गेलाच नव्हता तिचा. तिनं चाळीस वर्षांपूर्वी केली होती तशीच केली होती, तंतोतंत. हे मी सांगितलं की तिचा हात तिला परत मिळणार. पण मग बाबांचं "झकास" जाणार. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, दुसरं ते काही बोलणारही नाहीत. एक द्यायचं तर दुसरं काढून घ्यायचं, आणि मी कोण ठरवणारी? न सांगावं तर ती अशीच भिंतीला टेकून बसून राहणार. धड बोलवेना, धड राहवेना. भावाला सांगावं म्हटलं तर तो पाच मिनिटांत आईला जाऊन सांगणार. दोन दिवस मी घरात नुसती फिरत होते, दळण आणायला जाऊन दळण न घेताच परत आले.

शेवटी मला वाटलं, चाचींकडून खरी कृती आणावी. आईला म्हणावं, मोबाईलवर बघितली. ती तशी करेल, भाऊ हीच ती म्हणेल, सगळे सुखी. चोरावर मोर, पण चालेल. रिक्षा केली आणि मोहल्ल्यात गेले.

चाचींचं घर तेच, वर एक मजला चढलेला. दार उघडलं ते त्यांच्या मुलीनं, माझ्याच वयाची असेल. चाची गेल्याला सहा वर्षं झाली म्हणाली. मनात म्हटलं, सहा वर्षं एकाच गावात मला पत्ता नाही! तिनं आत बसवलं, पाणी दिलं. मी म्हटलं, "तुमच्या अम्मीच्या हातची ब्राउनी लहानपणी खाल्ली होती. कृती मिळाली तर हवी होती." तिनं अम्मीची वही काढली. पानं तेलकट झालेली, पण कृती होती. आटवलेल्या दुधाचा बंद डबा पाण्यात पूर्ण बुडवून तीन तास मंद आचेवर उकळायचा, त्याचंच कॅरमल होतं. आणि त्यात चिमूटभर मीठ. हे होतं तर ते वेगळं काहीतरी. मीठ!

मी लिहून घेत होते आणि ती म्हणाली, "तुम्ही नशीबवान. आम्हाला ही कधीच मिळाली नाही. अम्मी दर नाताळात दोन करायची. ही कुणाला तरी द्यायला आणि दुसरी आमच्यासाठी."

माझं पेन थांबलं.

"आमची वेगळीच असायची," ती म्हणाली. "जायफळवाली. अशी काय लागायची, तुम्हाला सांगते! आम्ही चौघं भावंडं ट्रेवर तुटून पडायचो आणि खाऊन तिथंच झोपायचो. भाऊ दुबईहून फोन करतो तर अजून तिचंच नाव काढतो. पण ती कृती वहीत कुठंच नाही. सगळी वही धुंडाळली. मी किती वेळा करून बघितली, जमतच नाही. अम्मीनं बाकी सगळं लिहून ठेवलं, तेवढंच का नाही लिहिलं, मला समजत नाही."

माझं डोकंच चालेना. मला इतकी वर्षं वाटत होतं की आपण त्यांची ब्राउनी ढापून आईची म्हणून खाल्ली. इथं चाचींनी आईची ब्राउनी सात वर्षं स्वतःची म्हणून पोरांना खाऊ घातली होती. आणि आमच्यापायी त्यांच्या पोरांना नवऱ्यानं आखातातून पाठवलेल्या कोकोची चवसुद्धा कळली नव्हती. कुणी कुणाचं श्रेय घेतलं, कुणी कुणाला काय दिलं, मला काही म्हणजे काही लावता येईना. मी एवढंच म्हटलं, "माझी आई जायफळ घालून करते. विचारून सांगते."

येताना दुधाचा डबा घेतला. घरी आले तर आई पलंगावर बसून बोंबलाच्या कालवणाची वाटी पुढ्यात घेऊन विचारत होती, "बघ गं, मीठ बराबर हाय का? मना काय कळत नाय." कालवण मीच सकाळी केलेलं, मीठ व्यवस्थित होतं. ती विचारत होती, अगदी परक्याच्या घरी आल्यासारखी. भाऊ पोरांना घेऊन बाहेर गेला होता. मी डबा टेबलावर आपटला आणि सांगून टाकलं. जसं बेकरीत सांगितलं होतं तसंच, धाडधाड, नाक पुसत.

आई ऐकत राहिली. मग तिनं पहिला प्रश्न काय विचारावा?

"काजू तू खाल्लास?"

"हो."

"सातीच्या साती?"

"हो गं आई."

"सटवे!" ती म्हणाली. आणि मग हळूहळू बाकीचं तिच्या ध्यानात यायला लागलं. चेहरा उतरत गेला. म्हणाली, "म्हंजे ह्ये जे बोलले, झकास, ते..." भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मला वाटलं, झालं. हात द्यायला गेले आणि होतं नव्हतं तेही काढून घेतलं. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाही तिनं माझ्या हातून घेतला नाही, भावाकडून मागून घेतला. तो मला विचारतो, काय झालं? मी त्याच्यावर खेकसले, तुझ्यामुळेच झालं सगळं! त्याला बिचाऱ्याला काहीच कळेना.

दुपारी मी भांडी आवरत होते. मागून आवाज आला, "त्या पोरांनी खाल्ला का टाकला?"

मी वळले. आई दारात उभी, भिंतीला धरून.

"काय?"

"माझा. चिंचोक्यावाला. खाल्ला का टाकून दिला?"

"आई, तुटून पडायची म्हणे पोरं. चुरा ठेवायची नाहीत. एक दुबईत आहे, तो अजून फोनवर तेच नाव काढतो. ती मुलगी किती वर्षं करून बघतेय, तिला जमत नाही तुझ्यासारखी."

आईनं भिंत सोडली. मग खुर्ची ओढून बसली. "जायफळ लागायचं त्यांना?"

"भरपूर! झोपायची तिथंच."

आई हसली. पोट धरून हसली. "आन मी म्हनत होते, उडून जातंय!" हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाली, "तुझ्या बापाचं काय, शिफ्टवरून भुकेला आलेला मानूस. पुढ्यात दगड ठेवला असता तरी झकास बोलला असता." हे ती खरं मानून म्हणाली की स्वतःची समजूत घालून घेत होती, मला आजही सांगता येणार नाही. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "कोको काढ."

तिनं केली. तिच्या पद्धतीची, जशीच्या तशी. साखर जाळताना हात थरथरला तर दुसऱ्या हातानं मनगट धरलं, पण पळी माझ्याकडे दिली नाही. जायफळ किसताना मी म्हटलं, आई बस, तर माझ्याकडे असं बघितलं की मी मागे सरले. ट्रे भरून झाल्यावर डब्यातून काजू काढला. मी हात पुढे केला. "तू लांब हो," ती म्हणाली. "हात मागं बांध." आणि स्वतः कोपऱ्यात दाबून बसवला.

संध्याकाळी आम्ही दोघी रिक्षानं मोहल्ल्यात गेलो. ट्रे आईच्या मांडीवर, वर फडकं. वाटेत मी दोनदा विचारलं, आई, तिला काय सांगायचं? सगळं सांगायचं का? आई ट्रेवरचं फडकं नीट करत राहिली. मला धाकधूक होती, कारण माझी आई आपलं श्रेय सोडणाऱ्यांतली नव्हे. शेजारणीनं तिचं लोणचं स्वतःचं म्हणून वाटलं तर भर आळीत भांडलेली बाई आहे ती.

चाचींच्या मुलीनं पायऱ्या उतरून आईला हात दिला, खुर्चीवर बसवलं. भिंतीवर चाचींचा फोटो होता. आई त्याच्याकडे बघत राहिली, आयुष्यात कधी न भेटलेल्या बाईकडे. मुलीनं फडकं काढलं. वासानंच ती थबकली. सुरीची वाट न बघता हातानंच कोपरा मोडला, काजूसकट, आणि तोंडात टाकला. चावता चावता ती मटकन खाली बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईचा गुडघा धरून म्हणाली, "हीच. हीच माझ्या अम्मीची."

मी आईकडे पाहिलं. आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, नुकतीच साखर जाळलेला, आणि म्हणाली, "व्हय बाय. अम्मीचीच हाय."